प्रायमरी कीचा साइज किती ठेवायचा: मोजून-मापून इंट, सरसकट बिगइंट, की ग्राहक कोडच की?

नवी_पाटी

घाऊक विक्रीच्या धंद्यासाठी डेटाबेस नव्याने उभा करतोय. मायएसक्यूएल ८.०, त्यात डेटा साठवणारं इंजिन इनोडीबी. टेबलं अशी: ग्राहक (सध्या ४ हजार), माल (१८ हजार आयटम), ऑर्डर (दिवसाला साधारण ३००), ऑर्डरच्या ओळी (एका ऑर्डरमागे सरासरी १२), स्टॉकची आवक-जावक आणि कोणी काय बदललं याचा लॉग. शिवाय स्थिती, एकक, चलन, देश अशी छोटी टेबलं.

प्रश्न प्रायमरी कीचा, म्हणजे प्रत्येक ओळ ओळखणाऱ्या आयडीच्या कॉलमचा. अडलेले मुद्दे:

१. ग्राहकांना स्मॉलइंट, मालाला मीडियमइंट, ऑर्डरींना इंट असं मोजून-मापून द्यावं, की डोळे मिटून सगळीकडे बिगइंट? (हे पूर्णांकांचे टाइप, अनुक्रमे २, ३, ४ आणि ८ बाइटचे.)

२. जुन्या स्कीमात (टेबलांच्या रचनेत) इंट(५), इंट(११) असं लिहिलेलं आहे. कंसातला आकडा कमी केला तर जागा वाचते का?

३. ग्राहकांना आधीपासून 'आरटी-००४५' छापाचे कोड आहेत. तोच व्हारकॅर(१०), म्हणजे १० अक्षरांपर्यंतचा मजकूर, प्रायमरी की केला तर एक कॉलम वाचेल. काही हरकत?

४. मालाचे भाव आणि शिल्लक दुसऱ्या सिस्टिममधून दर ५ मिनिटांनी येतात. सगळे १८ हजार आयटम 'इन्सर्ट… ऑन डुप्लिकेट की अपडेट'ने (ओळ नसेल तर टाका, असेल तर बदला) भरायचे आहेत, आयटम कोडवर युनिक इंडेक्स (तोच कोड दोनदा येऊ न देणारा) आहे. नवे आयटम वर्षाला हजारभरच येतात, म्हणून मालाला मीडियमइंट कायमचा पुरेल असं धरलंय.

विदासेवक

चौथा मुद्दा आधी घेतो, कारण घात तिथेच आहे. मालाचा मीडियमइंट तुम्हाला आठवडाभरही पुरणार नाही.

इनोडीबी ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढत जाणाऱ्या आयडीचा) आकडा ओळ टेबलात बसण्याआधीच काढून ठेवतं. मग आयटम कोड आधीच आहे असं दिसून इन्सर्टचं अपडेट झालं, तरी काढलेला आकडा परत जात नाही. म्हणजे एका फेरीत १८ हजार आकडे खर्च, एकही नवी ओळ न येता. दिवसाला २८८ फेऱ्या, म्हणजे ५१ लाख ८४ हजार आकडे. आता याला प्रत्येक टाइपची मर्यादा लावून बघा:

स्मॉलइंट, अनसाइन्ड (ऋण आकडे सोडलेला, म्हणून मर्यादा दुप्पट; साइन्ड म्हणजे ऋणासकट) धरूनही ६५,५३५. चौथ्या फेरीत संपला, म्हणजे वीस मिनिटांच्या आत.
मीडियमइंट, अनसाइन्ड १,६७,७७,२१५. सव्वातीन दिवस.
इंट, साइन्ड २,१४,७४,८३,६४७. ४१४ दिवस.
इंट, अनसाइन्ड ४,२९,४९,६७,२९५. ८२८ दिवस.

यातला इंट सगळ्यात वाईट, कारण तो चाचणीत पास होतो आणि वर्ष उलटल्यावर मरतो. टेबलात तेव्हा ओळी असतील जेमतेम १९ हजार, आणि नवा आयटम टाकायला गेलं की इन्सर्ट नापास. कोणाच्या डोक्यातही येणार नाही की १९ हजार ओळींच्या टेबलाचे आकडे संपले.

५.७ आणि त्याआधी हा दोष झाकला जायचा. तेव्हा काउंटर फक्त मेमरीत असायचा आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढून सुरू व्हायचा. ८.० पासून काउंटर डिस्कवर टिकतो, त्यामुळे रीस्टार्टने काहीही मोकळं होत नाही. ५.७ वर वर्षानुवर्षं चाललेला कोड ८.० वर अडकतो तो यामुळे.

टाइप मोठा करणं हा यावरचा निम्मा उपाय. पूर्ण उपाय म्हणजे आकडे जाळणं थांबवा. आलेला डेटा आधी एका कच्च्या टेबलात भरा (त्याला ऑटो-इन्क्रिमेंट नकोच). मग आयटम कोडवर जॉइन लावून (दोन टेबलं जुळवून) एक अपडेट, आणि जे कोड मालाच्या टेबलात सापडत नाहीत तेवढ्यांचाच इन्सर्ट. 'इन्सर्ट इग्नोर' हा पर्याय नाही, तोही तसेच आकडे जाळतो. 'रिप्लेस' तर अजिबात वापरू नका: तो जुनी ओळ पुसून नवी टाकतो, आयडी बदलतो, आणि फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातला या आयडीचा संदर्भ) कॅस्केड (मूळ ओळीतला बदल तिथेही लागू) असेल तर त्या आयटमच्या ओळीही सोबत पुसतो.

म्हणून साइज ठरवताना "ओळी किती होतील" हा प्रश्न विचारू नका, "आकडे किती खर्च होतील" हा विचारा. रोलबॅक झालेले (मध्येच रद्द केलेले) व्यवहार आकडे खातात, पुसलेल्या ओळींचे आकडे परत येत नाहीत. उद्या मल्टी-प्रायमरी ग्रुप रेप्लिकेशन (अनेक सर्व्हरवर एकाच वेळी लिहिणं) लावलंत, तर तिथे आयडी डीफॉल्टने ७-७ च्या उडीने जातो. मर्यादा तीच, आयुष्य एक सप्तमांश.

माझं मत: ज्या टेबलात प्रोग्राम आपोआप ओळी टाकतो (ऑर्डर, ओळी, स्टॉक, लॉग) तिथे बिगइंट, वाद न घालता. वेब फ्रेमवर्कांपैकी रेल्सने ५.१ पासून आणि जँगोने ३.२ पासून नव्या प्रोजेक्टना बिगइंटच डीफॉल्ट दिला, तो उगाच नाही. माल आणि ग्राहक इंट. स्थिती, एकक यांना टायनीइंट किंवा स्मॉलइंट चालेल, कारण त्यात माणूस हाताने ओळ टाकतो.

बीट्री

वरच्याशी बहुतांश सहमत, पण "वाद न घालता" या शब्दांशी नाही. थोडा हिशेब मांडतो, मग ठरवा.

३०० ऑर्डरी गुणिले १२, म्हणजे दिवसाला ३,६०० ओळी. कामाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला १० लाख ८० हजार. साइन्ड इंट या वेगाने जवळपास २ हजार वर्षं पुरतो. ऑर्डरींच्या ओळींना बिगइंटची *गरज* नाही, हे आधी मान्य करू.

आता बिगइंटची किंमत. इनोडीबीत टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवलं जातं आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत प्रायमरी कीची प्रत असते. म्हणून ४ चे ८ बाइट केल्यावर फक्त ४ बाइट वाढत नाहीत. ओळींच्या टेबलात ऑर्डर आयडीवर एक आणि आयटम आयडीवर एक इंडेक्स असेल, तर वाढ इथे इथे होते: मूळ ओळीतली की, ओळीतला ऑर्डर आयडी, ऑर्डरच्या इंडेक्समधला ऑर्डर आयडी, त्याच इंडेक्समधली कीची प्रत, आयटमच्या इंडेक्समधली कीची प्रत. पाच जागा, प्रत्येकी ४, एकूण २० बाइट. दहा वर्षांच्या १ कोटी ८ लाख ओळींना सुमारे २१६ एमबी. (पानांमधली मोकळी जागा धरली नाही, ती दोन्हीकडे सारखीच.)

दहा वर्षांत २१६ एमबी म्हणजे तुमच्या आकारमानाला काहीच नाही. त्या उलट, भरलेल्या टेबलाचा इंट नंतर बिगइंट करायचा तर इनोडीबी अख्खं टेबल नव्याने लिहून काढतं, आणि तेवढा वेळ त्यात लिहिणं बंद. तेव्हा इथे बिगइंटच घ्या, पण हिशेब करून. ज्यांच्याकडे एका टेबलावर पंधरा इंडेक्स आणि ५० कोटी ओळी आहेत त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथे ६४ बिट मशीनवर इंडेक्सची नोंद ८ बाइटच्या पटीत गोल होते. ८ बाइटचं हेडर आणि त्यापुढे इंट असो की बिगइंट, नोंद १६ बाइटचीच. म्हणजे एका कॉलमच्या प्रायमरी की इंडेक्समध्ये इंट घेऊन एक बाइटही वाचत नाही.

दुसरा मुद्दा: नाही, वाचत नाही. इंट(५) आणि इंट(११) दोन्ही ४ बाइटचे, दोन्हींची मर्यादा तीच. कंसातला आकडा फक्त दाखवण्याच्या रुंदीचा होता, तोही झिरोफिल (सुरुवातीला शून्यं भरणं) लावलं तरच दिसायचा. ८.०.१७ पासून तो कालबाह्य ठरवलाय, नव्या स्कीमात लिहूच नका. उलट कॅर(५), व्हारकॅर(१०) मधला आकडा खरा असतो आणि ऑरॅकलच्या नंबर(९) मधलाही: तिथे ९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ नंतरची ओळ खरोखर नाकारली जाते. लोक दोन्हीची गल्लत करतात.

मायक्रोसॉफ्ट एक्सेसमधून डेटा आणत असाल तर तिथलाही एक सापळा सांगतो. तिथला ऑटोनंबर लाँग इंटिजर असतो, ४ बाइट. पण तिथल्या 'इंटिजर'ची मर्यादा ३२,७६७. दुसऱ्या टेबलात फॉरेन की नुसती 'इंटिजर' ठेवली असेल तर ३२,७६८ व्या ग्राहकाला ऑर्डर जोडता येत नाही.

जुनी_फाईल

तिसऱ्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ग्राहक कोड ठेवा, त्यावर युनिक इंडेक्स ठेवा, लोकांना तोच दाखवा. पण प्रायमरी की करू नका.

जागेचा प्रश्न इथे दुय्यम आहे. कोडात अर्थ भरलेला असतो आणि अर्थ बदलतो, हे मुख्य कारण. 'आरटी' म्हणजे रिटेल असेल, तर उद्या तो ग्राहक वितरक झाला की कोड बदला म्हणतील. कोड प्रायमरी की असेल तर ऑर्डर, पावत्या, जमा, लॉग, सगळीकडे बदलावा लागेल. 'ऑन अपडेट कॅस्केड' डेटाबेसच्या आतलं सांभाळेल, बाहेर पाठवलेल्या फाइल्स आणि छापलेली बिलं नाही. शिवाय चार अंकांत एका गटाचे ९,९९९ ग्राहकच बसतात. शाखेला दोन अंक, वर्षाला दोन अंक असे तुकडे पाडलेल्या कोडाची मर्यादा तर सर्वांत लहान तुकड्याची मर्यादा असते.

आंतरराष्ट्रीय प्रमाण कोडसुद्धा याला अपवाद नाहीत. आयएसबीएन १ जानेवारी २००७ पासून १० ऐवजी १३ अंकी झाला. देशांच्या दोन अक्षरी कोडात 'सीएस' आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता, २००३ मध्ये तोच सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला गेला. तरीही देश आणि चलन यांना कॅर(२) आणि कॅर(३) प्रायमरी की चालेल असं मी म्हणेन: यादी छोटी, बदल क्वचित, आणि ऑर्डरच्या टेबलात सरळ चलनाचा कोड दिसला की एक जॉइन वाचतो.

कोडच्या कॉलमचा साइज ठरवताना:

अंकी दिसणारा कोड नंबर टाइपमध्ये ठेवू नका. बारकोड, पिनसारखे कोड, '००४५' यांची सुरुवातीची शून्यं जातात. ज्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही तो मजकूर. आणि तो एक्सेलमधून फिरून येणार असेल तर तिथेही कॉलम टेक्स्ट करा. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं.

सवयीने व्हारकॅर(२५५) लिहू नका. साठवताना जागा मजकुराएवढीच लागते हे खरं, पण इंडेक्सची मर्यादा कमाल लांबीवर मोजतात आणि यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्या चालणारा कॅरॅक्टर सेट) मध्ये दर अक्षराला ४ बाइट धरतात. २५५ अक्षरं म्हणजे १,०२० बाइट. डायनॅमिक रो फॉरमॅटला (ओळ साठवायची एक पद्धत) मर्यादा ३,०७२, म्हणून तीन असे कॉलम एका इंडेक्समध्ये जेमतेम बसतात, चौथा नाही. जुन्या कॉम्पॅक्ट फॉरमॅटला ७६७, तिथे एकही बसत नाही. जुन्या स्कीमांत व्हारकॅर(१९१) दिसतो तो याच ७६७ मुळे. आज १० अक्षरी कोड असेल तर २० ठेवा, बास.

कोलेशन (मजकूर ताडून बघण्याचे नियम) मुद्दाम ठरवा. डीफॉल्ट कोलेशन लहान-मोठं अक्षर एकच मानतं. आणि ८.० च्या डीफॉल्टमध्ये शेवटची रिकामी जागा वेगळी मोजली जाते, त्यामुळे 'आरटी-००४५' आणि त्यामागे स्पेस असलेला 'आरटी-००४५ ' असे दोन ग्राहक युनिक इंडेक्स असूनही घुसतात. भरतानाच ट्रिम करा आणि चेक कन्स्ट्रेंट (चुकीचं मूल्य नाकारणारा नियम) लावा (८.०.१६ पासून तो खरोखर पाळला जातो, आधी नुसता वाचून सोडून द्यायचा). कोड फक्त रोमन अक्षरं आणि अंकांचे असतील तर त्या कॉलमला आस्की कॅरॅक्टर सेट द्या, दर अक्षराला एकच बाइट धरला जाईल.

अजून एक, न विचारलेलं. बिल नंबर म्हणून ऑर्डरचा आयडी छापू नका. आयडीत खंड पडणारच. एसक्यूएल सर्व्हरवर अचानक रीस्टार्ट झाला तर इंट आयडी १,००० ने आणि बिगइंट आयडी १०,००० ने पुढे उडू शकतो, आणि तो दोष मानला जात नाही. बिलाचा सलग नंबर हवा असेल तर वेगळं छोटं टेबल: मालिका आणि शेवटचा नंबर. बिल नक्की करण्याच्याच व्यवहारात ती ओळ 'फॉर अपडेट'ने लॉक करा, एक वाढवा, बिलावर लिहा, कमिट. लॉक शेवटच्या क्षणी घ्या, नाहीतर बिल करणारे सगळे रांगेत थांबतील.

नवी_पाटी

मालाचा हिशेब बघून हादरलो. कच्चं टेबल करतो. अजून तीन गोष्टी: अनसाइन्ड घ्यावं का? सेल्सवाले टॅब्लेटवर नेट नसताना ऑर्डर घेतात, तिथे आयडी कुठून द्यायचा, यूयूआयडी (सर्व्हरला न विचारता तयार होणारा, दोनदा न येणारा १६ बाइटचा आयडी) प्रायमरी की करू का? आणि दुसऱ्या एका चालू डेटाबेसमध्ये लॉगची की इंट आहे, ती वाढवायची पद्धत काय?

बीट्री

अनसाइन्ड: इंटवर मर्यादा दुप्पट होते हा खरा फायदा. बिगइंटवर ९२ आणि त्यापुढे १७ शून्यं एवढी मर्यादा असताना दुप्पट करून काय मिळणार? तोटे मात्र आहेत. फॉरेन कीच्या दोन्ही टोकांना साइज आणि साइन दोन्ही जुळावी लागतात, एकीकडे अनसाइन्ड राहिलं तर ३७८० ही एरर येते. दोन अनसाइन्ड कॉलमच्या वजाबाकीचं उत्तर ऋण आलं की १६९०. पोस्टग्रेसमध्ये अनसाइन्ड नाहीच, तिकडे जायचं झालं तर अडचण. तुमच्या फ्रेमवर्कने अनसाइन्ड बिगइंट लादलं असेल तर तेच सगळीकडे ठेवा, मिसळू नका.

यूयूआयडी: हवाच, पण प्रायमरी कीच्या जागी नको. टॅब्लेट ऑर्डर तयार करतानाच यूयूआयडी देईल, तो बायनरी(१६) कॉलममध्ये युनिक इंडेक्ससह ठेवा. प्रायमरी की बिगइंट, सर्व्हर देईल. नेट तुटून तीच ऑर्डर दोनदा आली तर युनिक इंडेक्स दुसरी अडवतो, हा वरचा फायदा.

कॅर(३६) मध्ये यूयूआयडी ठेवू नका. वरच्या पाच जागांचा हिशेब लावला तर बिगइंटपेक्षा दर ओळीला १४० बाइट जास्त, दहा वर्षांत दीड जीबी. आणि आवृत्ती ४ चा यूयूआयडी पूर्ण रँडम असल्याने नवी ओळ कुठल्याही पानात जाते. क्रमाने भरलं तर इनोडीबीची पानं साधारण सोळापैकी पंधरा भाग भरतात, रँडम भरलं तर ती अर्धी भरलेलीही राहू शकतात. आवृत्ती ७ मध्ये (मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकातली) सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ असते, म्हणून क्रम टिकतो. टॅब्लेटवर तीच तयार करा. फक्त यूयूआयडी-टू-बिन फंक्शनला दुसरा पॅरामीटर १ देऊ नका: ती अदलाबदल आवृत्ती १ साठी आहे, आवृत्ती ७ चा क्रम ती बिघडवते.

विदासेवक

चालू टेबलाचं सांगतो. आधी घाई किती आहे ते बघा. मायएसक्यूएलच्या स्वतःच्या 'सिस' स्कीमात 'स्कीमा ऑटो इन्क्रिमेंट कॉलम्स' हा व्ह्यू प्रत्येक टेबलाचा किती भाग खर्च झाला ते देतो. आयडीचा मॅक्स काढून बघू नका, जळलेले आकडे त्यात दिसत नाहीत. ८.० मध्ये हे आकडे २४ तास कॅशमध्ये असतात, म्हणून आधी सेशनमध्ये 'इन्फर्मेशन स्कीमा स्टॅट्स एक्स्पायरी' शून्य करा. ५० टक्क्यांवर काम आखायला घ्या, ७० ला पूर्ण झालेलं असू द्या.

मग त्या कीचा आकडा कुठे कुठे जातो याची यादी. फॉरेन की सापडतील, पण ज्या कॉलमवर फॉरेन की लावलेलीच नाही (लॉगचा संदर्भ, रिपोर्टचं टेबल, दुसरीकडे नेलेली प्रत) ते नावावरून शोधावे लागतात. आधी हे सगळे कॉलम बिगइंट करा, मूळ टेबल शेवटी. उलट क्रम केला आणि मर्यादा मध्येच ओलांडली तर मूळ टेबल आकडा देईल आणि संदर्भाचा कॉलम तो नाकारेल. फॉरेन की मात्र दोन्ही टोकं जुळेपर्यंत काढून ठेवावी लागते. त्या काळात अनाथ ओळी शिरू शकतात. परत लावण्याआधी त्या तपासा.

टेबल लहान असेल तर रात्री थेट अल्टर. मोठं असेल तर जीएच-ओस्ट किंवा पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज. ही टूल्स नव्या रचनेचं दुसरं टेबल भरत नेतात आणि शेवटी नावं बदलतात. दोन्ही वाटांनी टेबल आणि इंडेक्स मिळून जेवढी जागा घेतात तेवढी डिस्कवर मोकळी लागते, बायनरी लॉग (बदलांची नोंद) वेगळा. पोस्टग्रेसवर सीरियलचा (आपोआप वाढणाऱ्या आयडीचा) कॉलम बिगइंट केला तरी मागचा सीक्वेन्स (आकडे देणारा काउंटर) इंटिजरच राहतो, तो वेगळा अल्टर करावा लागतो.

डेटाबेस झाला की कोड. जावा आणि सी-शार्पमध्ये आयडी 'इंट'मध्ये धरला असेल तर तो 'लाँग' करा. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक २ चा ५३ वा घात वजा १, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच अचूक राहतो. एकेकाने वाढणारा आयडी तिथवर पोचणार नाही, पण वेळेवरून तयार केलेले ६४ बिटी आयडी पहिल्याच दिवशी त्यापुढचे असू शकतात, आणि तेव्हा एरर येत नाही, शेवटचे अंक गुपचूप बदलतात. जेसनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवतात तो मजकुराचा फॉरमॅट) असे आयडी स्ट्रिंग म्हणूनच पाठवा.

चाचणी सोपी आहे: चाचणीच्या डेटाबेसमध्ये त्या टेबलाचा ऑटो-इन्क्रिमेंट मुद्दाम ३०० कोटींवर नेऊन ठेवा आणि ॲप, रिपोर्ट, एक्स्पोर्ट, टॅब्लेट सगळं चालवून बघा. ३०० कोटी इंटच्या साइन्ड मर्यादेपलीकडचा आणि अनसाइन्डच्या आतला आहे. तो झाला की ५०० कोटींवर नेऊन तेच पुन्हा. कुठे इंट राहून गेला असेल तर तो तिथेच आपटेल.